झिजणारा साक्षीदार

(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेत माजी विद्यार्थी व पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचे लिखित रूप)



साठ वर्षे पूर्ण करणाऱ्या संस्थेच्या उत्सवात पायाभरणीचा दिवस, पहिली तुकडी आणि गुणवंतांची यादी यांचे स्मरण होते, आणि ते योग्यच आहे. मात्र त्याच इमारतीची गच्ची दर पावसाळ्यापूर्वी कोणी तपासली, प्रयोगशाळेतील काचसामान कोणी जपले, विजेची जुनी तारजोडणी कोणत्या सुट्टीत बदलली, याची नोंद स्मरणिकेत क्वचितच आढळते. विज्ञानाच्या इतिहासाचेही असेच आहे. ४ जुलै २०१२ रोजी जिनिव्हाजवळील सर्न या प्रयोगशाळेने हिग्ज बोसॉनशी जुळणाऱ्या नव्या कणाचा शोध जाहीर केला. ती तारीख इतिहासात कायमची नोंदली गेली. परंतु त्या शोधात ज्यांची साक्ष मोलाची ठरली, त्या सिलिकॉनच्या पातळ चकत्या त्या क्षणीही झिजत होत्या. त्यांची झीज मोजणारी, ती लांबवणारी आणि वेळ येताच त्या बदलण्याची तयारी करणारी शेकडो माणसे त्या दिवशीही आपल्या कामावर होती. आजच्या व्याख्यानाचा विषय त्या माणसांचे काम हा आहे.

तीन सेंटीमीटरचे अंतर

स्वित्झर्लंड आणि फ्रान्स यांच्या सीमेवर, जमिनीखाली सरासरी १०० मीटर खोलीवर, सुमारे २७ किलोमीटर परिघाचा वर्तुळाकार बोगदा आहे. त्यात लार्ज हॅड्रॉन कोलायडर, म्हणजेच एलएचसी, हा कण-त्वरक बसवलेला आहे. प्रोटॉनांचे दोन झोत त्यात परस्परविरुद्ध दिशांनी, जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरत असतात. हे झोत पाण्याच्या धारेसारखे अखंड नसून माळेतील मण्यांसारखे सुट्या पुंजक्यांचे असतात आणि एकेका पुंजक्यात शंभर अब्जांच्या आसपास प्रोटॉन असतात. वर्तुळावरील चार ठिकाणी हे झोत एकमेकांना छेदतात. दोन छेदांमधील अंतर अवघे २५ नॅनोसेकंद असते. म्हणजे सेकंदाला चार कोटी वेळांपर्यंत पुंजके समोरासमोर येतात. अलीकडच्या वर्षांत अशा एकेका भेटीत प्रोटॉनांच्या पन्नासच्या आसपास टकरा होतात आणि प्रत्येक टकरीतून अनेक नवे कण चहूकडे उधळतात.

या चारपैकी दोन ठिकाणी अ‍ॅटलास आणि सीएमएस ही महाकाय शोधयंत्रे उभी आहेत. सीएमएसचे वजन सुमारे १४ हजार टन आहे. त्याच्या पोटात, कांद्याच्या पाकळ्यांप्रमाणे एकात एक बसवलेले सिलिकॉन संवेदकांचे थर आहेत. त्यांतील बाहेरच्या थरांचे एकूण क्षेत्रफळ सुमारे २०० चौरस मीटर, म्हणजे टेनिसच्या एका मैदानाएवढे भरते. सर्वांत आतला थर मात्र प्रोटॉनांच्या झोतापासून केवळ ३ सेंटीमीटरवर आहे. हे अंतर हाताच्या दोन बोटांच्या रुंदीएवढेच.

इतके जवळ जाण्याचे कारण आहे. टकरीतून जन्मलेले काही कण सेकंदाच्या दशलक्षांश भागाच्या दशलक्षांशाएवढेच, म्हणजे दीड-दोन पिकोसेकंदच जगतात. तेवढ्या अवधीत ते काही मिलिमीटर प्रवास करतात आणि दुसऱ्या कणांत रूपांतरित होतात. एखाद्या कणाचा माग टकरीच्या बिंदूतून निघाला की त्यापासून किंचित दूरच्या बिंदूतून, हे ओळखता आले तरच मधल्या अल्पायुषी कणाचा पत्ता लागतो. दूर उभ्या असलेल्या साक्षीदाराला हा फरक दिसत नाही. म्हणून साक्षीदार जवळ हवा. पण जितके जवळ जावे तितका कणांचा मारा अधिक. या क्षेत्रातील सारी अभियांत्रिकी या एका पेचाभोवती फिरते.

सिलिकॉन पाहते कसे, आणि दुखावते कसे

सिलिकॉन हा अर्धवाहक आहे. त्याच्या सुमारे ३०० मायक्रॉन जाडीच्या, म्हणजे तीन-चार केसांच्या जाडीएवढ्या चकतीवर योग्य विद्युत्‌दाब दिला की तिच्यातील मोकळे विद्युतभार बाजूला सारले जातात आणि चकती शांत होते. या शांततेतून एखादा विद्युतभारित कण आरपार गेला की त्याच्या वाटेवर सुमारे २० ते २५ हजार इलेक्ट्रॉन आपापल्या जागेवरून सुटतात. प्रत्येक सुटलेल्या इलेक्ट्रॉनामागे एक रिकामी जागा उरते आणि तीही धनभाराप्रमाणे वागते. विद्युत्‌दाबामुळे इलेक्ट्रॉन एका पृष्ठभागाकडे आणि रिकाम्या जागा दुसऱ्या पृष्ठभागाकडे ओढल्या जातात. पृष्ठभागावर बारीक पट्ट्या किंवा चौकोनी घरे आखलेली असतात. ज्या घरात हा क्षीण विद्युतस्पंद उमटतो, तेथून कण गेला, अशी नोंद होते. सीएमएसच्या आतल्या थरांतील असे एक घर १०० मायक्रॉन रुंद आणि १५० मायक्रॉन लांब आहे. २०१७ पासून तेथे अशी सुमारे १२ कोटी ४० लाख घरे आहेत.

हेच कण या चकतीला इजाही करतात. स्फटिकामध्ये सिलिकॉनचे अणू कवायतीच्या मैदानावरील मुलांप्रमाणे ठरावीक अंतरांवर, ओळीने उभे असतात. वेगवान कण एखाद्या अणूवर आदळला तर तो अणू रांगेतून फेकला जातो. रांगेत एक जागा रिकामी पडते आणि फेकला गेलेला अणू इतरांच्या मध्ये कोठेतरी अडकून बसतो. असा एखादा दोष काहीच बिघडवत नाही. परंतु वर्षानुवर्षांच्या माऱ्यानंतर एका चौरस सेंटीमीटरमधून एकावर चौदा-पंधरा शून्ये इतके कण गेलेले असतात आणि तेव्हा दोषांची संख्या निर्णायक ठरते.

त्याचे तीन परिणाम दिसतात. पहिला परिणाम गळतीचा. दोषांच्या आधाराने चकतीतून नको असलेला प्रवाह वाहू लागतो आणि तो माऱ्याच्या प्रमाणात वाढत जातो. दुसरा परिणाम विद्युत्‌दाबाचा. चकतीचा विद्युतस्वभावच पालटत जातो आणि सुरुवातीला शे-दीडशे व्होल्टमध्ये काम करणाऱ्या चकतीला पुढे तीनशे, चारशे, कधी त्याहूनही अधिक व्होल्ट लागतात. तिसरा परिणाम सापळ्यांचा. सुटलेले इलेक्ट्रॉन पृष्ठभागापर्यंत पोहोचण्याआधीच वाटेतील दोषांत अडकतात आणि संकेत दुबळा होतो. साक्षीदार आंधळा होत नाही. त्याला हळूहळू कमी दिसू लागते. हा ऱ्हास टाळता येत नाही. तो किती आणि कसा होईल हे आधी ओळखणे, आणि त्याला विलंब लावणे, एवढेच माणसाच्या हाती असते.

थंडी, कोरडेपणा आणि विरजण

विलंब लावण्याचे पहिले साधन थंडी हे होय. तापमान सुमारे ७ अंशांनी उतरले की गळतीचा प्रवाह जवळजवळ निम्मा होतो. खोलीच्या तापमानावरून उणे २० अंशांपर्यंत गेल्यास तो पन्नासपटींहून अधिक घटतो. थंडी न ठेवल्यास केवळ संकेतात गोंगाट वाढतो असे नाही. गळतीमुळे उष्णता निर्माण होते, उष्णतेमुळे गळती वाढते, वाढलेल्या गळतीमुळे आणखी उष्णता, असे दुष्टचक्र सुरू होते आणि त्याला वेळीच अटकाव न केल्यास तो संवेदक चालवणेच अशक्य होते.

पण थंडीलाही स्वतःच्या अटी असतात. भरलेल्या थंडगार पेल्यावर पावसाळ्यात बाहेरून पाण्याचे थेंब जमतात, हे प्रत्येक घरात पाहायला मिळते. उणे २० अंशांवरच्या संवेदकाभोवती जरा दमट हवा शिरली तर तेथेही पाणी किंवा बर्फ जमेल आणि सूक्ष्म विद्युतजोडण्या निकामी होतील. म्हणून या यंत्राचा अंतर्भाग सतत कोरड्या वायूने भरलेला ठेवावा लागतो. सीएमएसमध्ये पहिल्या पर्वात, म्हणजे २०१३ च्या आरंभापर्यंतच्या चालनाच्या काळात, हा कोरडेपणा हवा तेवढा साधला नव्हता आणि बाहेरच्या थरांचे शीतक अधिक ४ अंशांवर ठेवावे लागले होते. त्यानंतरच्या दोन वर्षांच्या विश्रांतीकाळात फटी बुजवण्याचे आणि कोरड्या वायूचा पुरवठा वाढवण्याचे काम झाले. पुढच्या पर्वात शीतक उणे १५ अंशांवर आणि २०१८ मध्ये उणे २० अंशांवर नेता आले. फटी बुजवण्याच्या कामाला कोणी शोध म्हणत नाही. परंतु त्या कामामुळे हजारो संवेदकांचे आयुष्य वाढले.

याहून नाजूक प्रश्न विश्रांतीकाळातील तापमानाचा असतो. स्फटिकातील काही दोष ऊब मिळाली की आपोआप भरून येतात. जागा सोडून गेलेले अणू किंचित हालचाल करतात, काही परत रिकाम्या जागी बसतात आणि चकतीची प्रकृती सुधारते. त्यामुळे यंत्र बंद असताना त्याला काही दिवस ऊब द्यावी, असे वाटणे साहजिक आहे. परंतु ती ऊब लांबली तर उलट प्रक्रिया सुरू होते. हलते दोष एकमेकांना भेटून नवे, अधिक उपद्रवी दोष तयार करतात आणि लागणारा विद्युत्‌दाब पुन्हा वाढू लागतो. दूध विरजण लावून उबेला ठेवले तर दही लागते. तसेच ठेवून दिले तर ते आंबट होत जाते. गृहिणी वेळ ओळखून भांडे थंड जागी हलवते. संवेदकांच्या बाबतीतही हेच करावे लागते. फरक इतकाच की येथे बोट बुडवून चव पाहता येत नाही. कोणत्या थराने किती मारा सोसला, कोणत्या आठवड्यात त्याचे तापमान किती होते, याची अनेक वर्षांची नोंद आणि तिच्यावर आधारलेले गणित यांच्या आधारे निर्णय होतो. म्हणूनच यंत्र बंद असताना, भोवती दुरुस्तीची कामे चालू असतानाही, हे संवेदक शक्यतो थंड ठेवले जातात. किती दिवस ते उबेत राहणार याचा हिशेब दिवसांत मांडला जातो.

टणकपणा नव्हे, समजूतदार रचना

प्रारण सहन करणारे सिलिकॉन म्हटले की एखादा विशेष कठीण पदार्थ डोळ्यांसमोर येतो. वास्तविक सिलिकॉनचे अणू कोणत्याही चकतीत तितकेच सहज जागेवरून उडतात. फरक पडतो तो इजा झाल्यानंतर चकती कशी वागते यात.

सर्नमधील एका संशोधनगटाने १९९० च्या दशकात असे दाखवले की, स्फटिकात मुद्दाम ऑक्सिजन मिसळल्यास विद्युतभारित कणांनी केलेल्या इजेचे परिणाम सौम्य होतात. स्फटिक जितका शुद्ध तितका चांगला, ही अर्धवाहक उद्योगातील सर्वसाधारण समजूत. येथे विचारपूर्वक केलेली अशुद्धी उपकारक ठरली. दुसरी युक्ती वेगाची. सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉन हे रिकाम्या जागांपेक्षा सुमारे तिप्पट वेगाने सरकतात. जो लवकर पोहोचतो तो सापळ्यात कमी सापडतो. म्हणून माऱ्याच्या जागी असलेल्या संवेदकांची रचना इलेक्ट्रॉन गोळा करण्याच्या दृष्टीने केली जाते. तिसरी युक्ती अंतराची. नेहमीच्या चकतीत विद्युत्‌अग्रे वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांवर असतात आणि इलेक्ट्रॉनाला साऱ्या जाडीतून प्रवास करावा लागतो. शेरवुड पार्कर आणि त्यांचे सहकारी यांनी १९९० च्या दशकात अशी रचना सुचवली की ही अग्रे उभ्या खांबांप्रमाणे चकतीच्या आतच उतरवावीत. गावाबाहेर एकच विहीर असण्याऐवजी प्रत्येक आळीत आड खणावा, तसा हा उपाय. पाणी तेवढेच, पण वाट आखूड. अ‍ॅटलास यंत्रात २०१४ मध्ये झोतापासून सुमारे ३.३ सेंटीमीटरवर जो नवा थर सरकवला गेला, त्यात असे संवेदक प्रथमच कण-त्वरकावर वापरण्यात आले.

ऑक्टोबर २०१७

इथवरच्या वर्णनावरून असे वाटेल की सारे काही आधीच ठाऊक असते आणि गणितानुसार घडते. तसे नसते, हे सीएमएसच्या एका अनुभवावरून स्पष्ट होते.

२०१७ च्या आरंभी सीएमएसने आपला सर्वांत आतला संवेदकसमूह बदलून नवा बसवला. जुन्यात ६ कोटी ६० लाख घरे होती; नव्यात जवळजवळ दुप्पट. सर्वांत आतला थर ४.४ सेंटीमीटरवरून सुमारे ३ सेंटीमीटरवर आला. घरे दुप्पट झाली म्हणजे वीजही अधिक लागणार. पण यंत्राच्या पोटात जाणाऱ्या केबली पूर्वीच्याच होत्या. त्या बदलणे शक्य नव्हते. त्यावर उपाय असा काढला गेला की केबलींतून चढ्या विद्युत्‌दाबाने कमी प्रवाह न्यावा आणि संवेदकांच्या जवळ गेल्यावर तो दाब उतरवावा. दूरवरच्या गावाला वीज नेताना वीजमंडळ हेच तत्त्व वापरते. दाब उतरवण्यासाठी सुमारे १२०० लहान परिवर्तक बसवण्यात आले.

उन्हाळाभर यंत्र चालले. एक किरकोळ अडचण मात्र सतत येत होती. संवेदकांचे संकेत गोळा करणाऱ्या एका चिपमध्ये अधूनमधून एखादा कण नेमका नाजूक जागी आदळे आणि ती चिप गोठून जाई. ती पुन्हा जागी करण्याचा एकच मार्ग होता: तिची वीज बंद करून पुन्हा चालू करणे. घरातील संगणक अडकला की कोणीही हेच करतो. त्यामुळे संबंधित परिवर्तकाला बंद होण्याची आणि पुन्हा सुरू होण्याची आज्ञा दिली जाई आणि काम पुढे चाले.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही परिवर्तक बंद झाले ते पुन्हा सुरूच झाले नाहीत. नंतर आणखी काही. वर्ष संपेपर्यंत सुमारे ५ टक्के परिवर्तक निकामी झाले आणि त्यांच्यावर अवलंबून असलेले संवेदक आंधळे झाले. संवेदक स्वतः सुस्थितीत होते. त्यांना वीज मिळत नव्हती. निकामी झालेले भाग हाती घेऊन पाहण्याची सोय नव्हती, कारण ते १४ हजार टनांच्या यंत्राच्या गाभ्यात होते. प्रयोगशाळेत तशाच परिवर्तकांवर चाचण्या करूनही दोष लगेच सापडेना.

हिवाळ्यातील विश्रांतीचा काळ मोजक्या आठवड्यांचा होता. निर्णय कठीण होता. यंत्र उघडून नवा संवेदकसमूह बाहेर काढावा, तर त्याला इजा होण्याचा धोका. काढू नये, तर पुढच्या वर्षी आणखी किती परिवर्तक जातील याचा भरवसा नाही आणि वर्षभराच्या नोंदींत भोके पडणार. कारण समजेपर्यंत थांबावे, तर विश्रांतीकाळ निघून जाणार. अखेर तो समूह बाहेर काढण्यात आला आणि सर्वच्या सर्व परिवर्तक बदलण्यात आले. नवे परिवर्तकही त्याच जातीचे होते, कारण दुसरी जात उपलब्ध नव्हती. म्हणजे २०१८ च्या वसंतात यंत्र पुन्हा सुरू झाले तेव्हा मूळ रोगाचे निदान पूर्ण झालेले नव्हते. म्हणून सावधगिरी म्हणून परिवर्तकांना दिला जाणारा विद्युत्‌दाब कमी ठेवण्यात आला, आणि त्यांना एकेकटे बंद करण्याची पद्धत थांबवून वीज मूळ पुरवठ्याच्या ठिकाणीच बंद-चालू करण्याचे ठरले.

तपास पुढे चालूच राहिला आणि २०१८ मध्ये कारण उलगडले. प्रारणाच्या माऱ्यामुळे परिवर्तकातील एका ट्रान्झिस्टरमधून थोडी गळती सुरू होत होती. परिवर्तक चालू असताना ती निरुपद्रवी होती, कारण तो भार वाहून जाण्याला वाट होती. पण त्याला बंद होण्याची आज्ञा मिळाली की ती वाट बंद होई, भार एका जागी साचत जाई, तेथील विद्युत्‌दाब मर्यादेबाहेर चढे आणि आतील नाजूक भाग जळून जाई. एका चिपच्या दुखण्यावर जो साधा उपाय रोज केला जात होता, तोच दुसऱ्या चिपचा घात करीत होता. दोन्ही चिपा वेगवेगळ्या तपासल्या असता हे दिसले नसते. त्या एकत्र आणि प्रारणात काम करीत असतानाच ते घडत होते.

सावधगिरीच्या त्या उपायांनी २०१८ चे वर्ष निर्विघ्न पार पडले. त्यानंतरच्या दीर्घ विश्रांतीकाळात सुधारित चिप असलेले परिवर्तक बसवण्यात आले. सर्वांत आतला थरही आधीच ठरल्याप्रमाणे नवा करण्यात आला.

या प्रसंगातून पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी घेण्यासारखी एक गोष्ट आहे. तेथे कोणाला दोषी ठरवून प्रश्न सुटला नाही. निकामी झालेला प्रत्येक भाग जपून ठेवला गेला, केव्हा काय बंद केले आणि केव्हा चालू केले याच्या नोंदी उपलब्ध होत्या, आणि चूक उघडपणे लिहून प्रसिद्ध करण्यात आली. इतर प्रयोगांतही तीच चिप वापरली जात असल्यामुळे त्या उघडपणाचा लाभ सर्वांना झाला.

भारताचा हात

या साऱ्या उद्योगाशी भारताचे नाते केवळ प्रेक्षकाचे नाही. एलएचसीच्या बोगद्यातील प्रमुख चुंबक प्रत्येकी १५ मीटर लांब आणि तीस टनांहून अधिक वजनाचे आहेत. ते ज्या आधारांवर उभे आहेत आणि ज्यांच्या साह्याने केसाच्या जाडीइतक्या फरकाने वरखाली, मागेपुढे सरकवता येतात, असे सुमारे सात हजार आधार भारताने पुरवले. त्या कामाचा समन्वय इंदूर येथील राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राने केला.

सिलिकॉन संवेदकांच्या कामातही भारताचा वाटा आहे. सीएमएसच्या दोन्ही टोकांना प्रीशॉवर नावाचा एक भाग आहे. टकरीतून आलेला प्रकाशकण एकटा आहे की अगदी लगत चाललेल्या दोन प्रकाशकणांची जोडी आहे, हे ओळखण्यासाठी तो बसवलेला आहे. हिग्ज बोसॉनाचे दोन प्रकाशकणांत रूपांतर होते, म्हणून हा फरक ओळखणे महत्त्वाचे ठरते. या भागात सुमारे ४३०० सिलिकॉन संवेदक आहेत. सुमारे ६ सेंटीमीटर बाजूच्या चौरसावर ३२ पट्ट्या, अशी त्यांची रचना. त्यांपैकी सुमारे एक हजार संवेदक भारतात तयार झाले. मुंबईच्या तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने त्यांचा विकास केला, बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये त्यांची निर्मिती झाली आणि दिल्ली विद्यापीठाचाही या कार्यात सहभाग होता. प्रत्येक चकतीची गळती, प्रत्येक पट्टीचा विद्युत्‌दाब तपासून, नोंदवून मगच ती पाठवली गेली. जानेवारी २०१७ पासून भारत सर्नचा सहयोगी सदस्य आहे. त्यामुळे भारतीय तरुण-तरुणींना तेथील नेमणुकांसाठी आणि भारतीय उद्योगांना तेथील कंत्राटांसाठी दार उघडले आहे.

पुढच्या पिढीचे काम

एलएचसीचे पुढील पर्व याहून कठोर असणार आहे. २०२६ मध्ये सुरू होणाऱ्या दीर्घ विश्रांतीकाळात त्वरकाचे आणि दोन्ही शोधयंत्रांचे मोठे नूतनीकरण करून २०३० मध्ये नवे पर्व सुरू करावे आणि ते २०४० च्या दशकाच्या प्रारंभापर्यंत चालवावे, असे नियोजन आहे. तेव्हा पुंजक्यांच्या एका भेटीत २०० पर्यंत टकरा होतील. सर्वांत आतल्या थरातील एका चौरस सेंटीमीटरमधून, सर्व वर्षे मिळून, एकावर सोळा शून्ये याहून अधिक कणांइतका मारा होईल. तेथील प्रारणमात्रा एक कोटी ग्रेच्या घरात जाईल. मानवी शरीराला चार-पाच ग्रे प्राणघातक ठरू शकतात, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळतो. इतका मारा कोणताही संवेदक अखेरपर्यंत सोसू शकेलच असे गृहीत धरलेले नाही. सर्वांत आतले थर मध्येच काढून बदलता यावेत, अशी तरतूद रचनेतच केलेली आहे. सीएमएसच्या दोन्ही टोकांना सिलिकॉनचा नवा ऊर्जामापकही बसणार आहे. त्यात ६०० चौरस मीटरांहून अधिक सिलिकॉन असेल आणि ते उणे ३० अंशांखालील थंडीत काम करील.

आता कालगणना पाहावी. एलएचसीच्या कल्पनेवर पहिली मोठी चर्चा १९८४ मध्ये लोझान येथे झाली. डिसेंबर १९९४ मध्ये प्रकल्पाला मान्यता मिळाली. १० सप्टेंबर २००८ रोजी पहिला झोत फिरला. त्या चर्चेच्या वर्षी जन्मलेले मूल यंत्र सुरू झाले तेव्हा २४ वर्षांचे, म्हणजे त्यावर संशोधन करण्याच्या वयाचे झाले होते. प्रारंभीच्या चर्चेत भाग घेतलेल्यांपैकी अनेक जण तोवर निवृत्त झाले होते. आज जे संवेदक तयार होत आहेत त्यांची अखेरची मोजमापे घेणारा विद्यार्थी कदाचित आज एखाद्या शाळेत पाचवीच्या वर्गात बसला असेल. त्या वेळी तो पंचविशीत असेल. त्याला हाती मिळेल ते यंत्र झिजलेले असेल, आणि त्याबरोबर मिळेल त्या झिजेची इमानाने लिहिलेली नोंदवही. ती नोंदवही खरी असेल तरच झिजलेल्या साक्षीदाराची साक्ष ग्राह्य धरता येईल. संकेत किती दुबळा झाला आहे हे नेमके ठाऊक असेल, तर त्यातूनही अचूक मापन होते. ते ठाऊक नसेल, तर नव्या कोऱ्या यंत्राचेही मापन विश्वासार्ह ठरत नाही.

मराठी माध्यमाच्या शाळेत शिकलेल्या विद्यार्थ्यांना हे विश्व दूरचे वाटण्याचे कारण नाही. महाराष्ट्राबाहेर, दुसऱ्या भाषेच्या शेजारात साठ वर्षे मराठी शाळा चालवणे हेसुद्धा झिजेशी दिलेल्या झुंजीचेच काम आहे. पटसंख्या घटते, शिक्षक निवृत्त होतात, इमारत जुनी होते. ही झीज नाकारून उपयोग नसतो. ती मोजावी लागते, तिच्या मूळ कारणांचा शोध घ्यावा लागतो, काही भाग वेळीच बदलावे लागतात आणि काही बाबतींत विरजणाप्रमाणे योग्य वेळ ओळखावी लागते. ज्यांनी ते साठ वर्षे केले, त्यांची नावे कोनशिलेवर नसतील. शाळेच्या हजेरीपटांत, दुरुस्तीच्या पावत्यांत आणि प्रयोगशाळेच्या जडसंग्रह वहीत ती सापडतील. हीरक महोत्सवाच्या निमित्ताने त्या वह्या एकदा उघडून पाहाव्यात, आणि प्रयोगवहीतील चुकलेले निरीक्षण खोडून न टाकता त्यावर एकच रेघ मारून ते वाचता येईल असे ठेवावे, ही जुन्या विज्ञानशिक्षकांची शिस्त नव्या विद्यार्थ्यांना पुन्हा सांगावी. सर्नच्या बोगद्यात आजही ती शिस्त उपयोगी पडते.